कालव्यावरून दोन देश भांडायला लागले की बातमी कशी वाचायची (पनामा समोर ठेवून, सुएझ शेजारी घेऊन)

जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात ट्रम्प म्हणाले की पनामा कालवा चीन चालवतंय, आम्ही तो चीनला दिला नव्हता, पनामाला दिला होता, आणि आता परत घेणार. झालं, आपल्याकडच्या ग्रुपांवर लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते अमेरिकेने बांधला तर अमेरिकेचाच ना, दुसरी म्हणते ही सरळसरळ दादागिरी. चीन तिथे नेमकं काय करतोय हे मात्र कोणी सांगेना. असे वाद दर काही वर्षांनी उकरले जातात, कधी पनामा कधी सुएझ, त्यामुळे बघायची पद्धत एकदा हाताला बसली की पुढच्या वेळी अर्ध्या तासात आपलं आपल्याला कळतं की कोण मुद्द्याचं बोलतंय आणि कोण नुसती हवा करतंय.

तर सगळ्यात आधी भाषण बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर चार रकाने पाडा. जमीन कोणाची, रोजचा कारभार कोण बघतं, दोन्ही तोंडांवरची बंदरं कोणाकडे, आणि जहाज नेण्याचा हक्क कोणाला. बातमीत हे चारही "कालव्यावर ताबा" या एका शब्दात कोंबलेले असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण चारांची उत्तरं चार वेगळी असू शकतात.

पनामासाठी भरून बघू. जमीन पनामाची. कारभार पनामा कालवा प्राधिकरणाचा, ही पनामाच्या राज्यघटनेत स्वतंत्र प्रकरण असलेली स्वायत्त संस्था आहे, ३१ डिसेंबर १९९९ च्या दुपारी १२ वाजल्यापासून जहाज कधी सोडायचं, किती टोल घ्यायचा, लॉकचे (जहाज वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांचे) दरवाजे कधी उघडायचे हे सगळं तीच ठरवते. हक्क सगळ्या देशांच्या जहाजांना, त्यावर पुढे येतो. राहिली बंदरं, आणि चीनचा विषय इथेच आहे. पॅसिफिकच्या तोंडावर बाल्बोआ आणि अटलांटिकच्या बाजूला क्रिस्तोबाल ही दोन बंदरं १९९७ मध्ये हाँगकाँगच्या हचिसन कंपनीच्या पोटकंपनीला २५ वर्षांसाठी चालवायला दिली, २०२१ मध्ये मुदत वाढवली. पण त्याच परिसरात सिंगापूरच्या कंपनीचं बंदर आहे, अमेरिकन कंपनीचं आहे, तैवानच्या एव्हरग्रीनचंही आहे. हे बाकीचे कोणत्याच भाषणात येत नाहीत.

आता सोसायटीच्या गेटलगतचे दोन गाळे कोणी भाड्याने घेतले म्हणून तो काही सोसायटीचा सेक्रेटरी होत नाही. बाल्बोआत क्रेन कोणाचीही असो, जहाज कालव्यातून जाणार की थांबणार हे प्राधिकरण ठरवतं. पण म्हणून अमेरिकेची काळजी शंभर टक्के बोगस असंही मी म्हणणार नाही. दोन्ही तोंडांवर ज्याच्या क्रेन आणि ज्याचे कॉम्प्युटर त्याला कुठला माल कुठे चाललाय हे दिसतं, आणि हाँगकाँगच्या कंपनीला बीजिंगने डोळे वटारले तर ती किती वेळ नाही म्हणेल हा प्रश्न विचारायला हरकत नाही. फक्त तो प्रश्न "चीन कालवा चालवतंय" या वाक्यापेक्षा फार लहान आहे, आणि लहान प्रश्न मोठा करून विकणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना प्रकार.

मार्च २०२५ मध्ये हचिसनने जाहीर केलं की पनामातल्या दोन बंदरांसकट जगभरातली चाळीसच्या वर बंदरं ब्लॅकरॉक ही अमेरिकन गुंतवणूक कंपनी आणि एमएससी ही जहाज कंपनी यांच्या गटाला विकतोय, व्यवहार २२.८ अब्ज डॉलरचा. वॉशिंग्टन खूश, बीजिंग भडकलं आणि चिनी नियामकांनी तपासणी लावली, आणि इकडे पनामाच्या महालेखापालाने बंदरांच्या कराराचं ऑडिट काढून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयाने तो करार घटनाबाह्य ठरवला. हा रकाना भराभर बदलतो, त्यामुळे बंदरांची बातमी वाचताना आधी तारीख बघा, जुन्या बातम्या नव्या म्हणून फिरवतात लोक.

चार रकाने झाले की करार उघडायचा. घाबरू नका, हे काही हजार पानांचं बाड नाही. १९७७ च्या ७ सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर आणि पनामाचे ओमर तोरिहोस यांनी दोन करार केले आणि हे दोन आहेत हेच बहुतेकांना माहीत नसतं. पहिला पनामा कालवा करार, तो १९९९ संपताना संपला, त्याचं काम हस्तांतर करणं एवढंच होतं. दुसरा तटस्थतेचा करार, त्याला शेवटची तारीखच नाही, तो आजही चालू आहे आणि आजचं सगळं भांडण त्याच्यावर आहे. कलमं फक्त आठ. चहा पिता पिता वाचून होतात, ऑनलाइन सहज मिळतो.

त्यात काय शोधायचं ते सांगतो. दुसऱ्या कलमात आहे की कालवा शांततेत आणि युद्धात सगळ्या देशांच्या जहाजांना समान अटींवर खुला राहील. पाचवं कलम म्हणतं की पहिल्या कराराची मुदत संपल्यावर कालवा फक्त पनामा चालवेल आणि तिथे लष्करी तळ आणि सैन्य ठेवायचा अधिकारही फक्त पनामाला. "परदेशी सत्ता कालवा चालवतेय" असा आरोप आला की त्याचा कायदेशीर आधार या कलमात शोधायचा असतो, म्हणून ट्रम्प यांच्या बाजूने बोलणारे वकील सारखे पाचव्यावर येतात. सहावं कलम अमेरिकेच्या आणि पनामाच्या युद्धनौकांना लवकर पुढे सोडायला सांगतं. लवकर, फुकट नाही! फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने टाकून दिलं की आमच्या सरकारी जहाजांना आता शुल्क नाही, प्राधिकरणाने तेव्हाच्या तेव्हा कळवलं की आम्ही टोलमध्ये काही बदल केलेला नाही, आणि पनामाचे राष्ट्राध्यक्ष मुलिनो यांनी तर ते सरळ खोटं म्हणून सांगितलं. सहावं कलम वाचलेल्या माणसाला कोणाचा फोन न करता कळलं असतं की गडबड कुठे आहे.

करार वाचला म्हणजे संपलं असं नाही, त्याला चिकटवलेल्या अटीही वाचा. १९७८ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये हे करार ६८ विरुद्ध ३२ असे जेमतेम पास झाले, दोन तृतीयांश लागत होते त्यापेक्षा एकच मत जास्त. मतं जमवताना डिकॉन्सिनी नावाच्या सिनेटरची एक अट आत आली की कालवा बंद पडला किंवा त्याच्या कामात अडथळा आला तर तो पुन्हा सुरू करायला अमेरिका स्वतःच्या बळावर, अगदी सैन्य वापरूनही, पावलं उचलू शकते. पनामात यावरून आग लागली, मग दुसरी ओळ घालावी लागली की याचा अर्थ पनामाच्या अंतर्गत कारभारात लुडबुड करायचा हक्क असा घ्यायचा नाही. म्हणजे दोन्ही देशांना घरी जाऊन आपापली ओळ दाखवता येते. आणि आज दोघं तेच करतायत.

संयुक्त निवेदन आलं तर दोन्ही देशांच्या वेबसाइटवरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री हेगसेथ पनामाला गेले तेव्हा पनामाने काढलेल्या निवेदनात कालव्यावरच्या पनामाच्या सार्वभौमत्वाला मान्यता देणारं वाक्य होतं आणि अमेरिकेने काढलेल्यात ते वाक्यच नव्हतं. मोबाईलवर भाषांतर करून बघितलं तरी असं गाळलेलं वाक्य सापडतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रेस कॉन्फरन्सपेक्षा ते जास्त सांगून जातं.

यानंतर मागे जा, करार मुळात का करावा लागला तिथपर्यंत. इथे घाई करू नका कारण पनामाचे लोक एवढे का चिडतात ते इथेच कळतं. १९०३ मध्ये पनामा हा कोलंबियाचा भाग होता. अमेरिकेने कालव्यासाठी कोलंबियाशी करार केला, कोलंबियाच्या सिनेटने ऑगस्टमध्ये तो फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि योगायोग बघा, अमेरिकेची युद्धनौका नॅशव्हिल आदल्याच दिवशी अटलांटिकच्या बाजूच्या कोलोन बंदरात येऊन उभी होती, कोलंबियाचं सैन्य पुढे सरकू शकलं नाही. मग १८ नोव्हेंबरला कालव्याचा करार झाला. पनामाच्या वतीने सही कोणाची? फिलिप ब्युनो-व्हारिया नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, ज्याचा जुन्या बुडालेल्या फ्रेंच कालवा कंपनीत पैसा अडकला होता आणि अमेरिकेने ती विकत घेतली तरच तो सुटणार होता. पनामाचं खरं शिष्टमंडळ ट्रेनने वॉशिंग्टनला पोचलं तोवर काही तासांपूर्वी सही होऊन गेली होती. करारात काय तर दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा अमेरिकेला, आणि त्या पट्ट्यात अमेरिका जणू सार्वभौम असल्यासारखी वागणार. बदल्यात एक कोटी डॉलर रोख आणि वर्षाला अडीच लाख. पनामाच्या एकाही माणसाची सही नसलेला कागद, आणि त्यावर देशाचे मधोमध दोन तुकडे.

मग ९ जानेवारी १९६४. पट्ट्यातल्या बाल्बोआ हायस्कूलसमोर आपला झेंडा लावायला पनामाचे विद्यार्थी गेले, धक्काबुक्कीत झेंडा फाटला, आणि त्या दंगलीत २० च्या वर पनामाचे नागरिक आणि ४ अमेरिकन सैनिक मेले. पनामाने अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. तो दिवस तिथे आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. कार्टरने १९७७ ला सही केली ती काही दानशूरपणा म्हणून नाही, हे असंच चालू राहिलं तर कालवा सांभाळणं परवडणार नाही असा हिशोब त्यात होता. "आम्ही एका डॉलरला देऊन टाकला" वगैरे जे ऐकू येतं त्यात १९६४ कुठेच नसतं, बघा.

आकडे आले की तर थांबाच. ट्रम्प यांच्या त्या शपथविधीच्या भाषणात होतं की कालवा बांधताना ३८,००० जीव गेले. अमेरिकन बांधकामाच्या काळातली अधिकृत नोंद ५,६०९ मृत्यूंची आहे आणि त्यातले बहुतेक बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आणलेले काळे मजूर होते. त्याआधी १८८१ ते १८८९ मध्ये फ्रेंचांनी प्रयत्न केला तेव्हा पिवळा ताप आणि मलेरियाने सुमारे २०,००० च्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, पण तो अमेरिकेचा हिशोब नाही. मोठा आकडा दिसला की विचारायचं, कोणाची माणसं, कोणत्या काळात, कोणी मोजली.

टोलचंही तसंच. "अमेरिकेला लुटतायत" ही तक्रार तपासायला सोपी आहे, टोल जहाजाच्या प्रकारावर आणि क्षमतेवर असतो, झेंड्यावर नाही. अमेरिकेचा बोजा जास्त दिसतो कारण कालव्यातून जाणाऱ्या मालात अमेरिकेतून निघालेला किंवा अमेरिकेला चाललेला मालच जवळपास तीन चतुर्थांश आहे. चीन दुसरा.

आता सुएझ शेजारी ठेवा. तुलना केल्याशिवाय पनामात नवं काय आणि नेहमीचं काय ते कळत नाही. १८६९ ला कालवा सुरू झाला, १८७५ मध्ये इजिप्तचा खेदिव (म्हणजे राज्यकर्ता) इस्माईल कर्जात बुडाला तेव्हा ब्रिटनने त्याचे ४४ टक्के शेअर ४० लाख पौंडांना उचलले, १८८२ ला सैन्यच घुसवलं, आणि १८८८ ला कॉन्स्टँटिनोपलचा करार झाला की कालवा युद्धात आणि शांततेत कोणत्याही झेंड्याच्या जहाजाला खुला. वाचायला किती छान. पण पुढे १९४८ नंतर इजिप्तने इस्रायलची जहाजं अडवली, १९५१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून सांगितलं की हे बंद करा, इजिप्तने त्याच १८८८ च्या करारातल्या संरक्षणाच्या कलमाकडे बोट दाखवलं आणि अडवणं चालूच ठेवलं. हक्क शेवटी मिळाला तो १९७९ च्या इजिप्त-इस्रायल तहात. म्हणून चौथ्या रकान्यात "सगळ्यांना" असं लिहिलं तरी शेजारी बारीक अक्षरात लिहा, प्रत्यक्षात कोण अडकलंय.

१९५६ मात्र नीट बघा, कारण मला जे सांगायचंय ते त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासेर अलेक्झांड्रियात भाषण करत होते आणि भाषणात सारखं कालवा खोदणाऱ्या द लेसेप्सचं नाव घेत होते. लोकांना वाटलं इतिहास सांगतायत. प्रत्यक्षात तो परवलीचा शब्द होता, रेडिओवर तो ऐकला की महमूद युनिस यांच्या माणसांनी कालवा कंपनीच्या कचेऱ्यांत घुसायचं असं ठरलेलं, आणि भाषण संपेपर्यंत कंपनी ताब्यात. लंडन-पॅरिसमध्ये सगळ्यांची खात्री होती की इजिप्शियनांना हे जमणार नाही, अरुंद कालव्यातून मोठी जहाजं काढायला अनुभवी पायलट (जहाजावर चढून वाट दाखवणारे जाणकार) लागतात आणि ते तर बहुतेक परदेशी. सप्टेंबरच्या मध्याला त्यांना काम सोडायला लावलं आणि सगळे वाट बघत बसले की आता जाम होतो कालवा. झाला नाही. उरलेल्या इजिप्शियन आणि ग्रीक पायलटांनी, नवीन आलेल्यांना हाताशी धरून, जादा पाळ्या करून जहाजं काढली. ब्रिटन-फ्रान्सचा सगळ्यात मोठा युक्तिवाद तिथेच पाण्यात गेला. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरला इस्रायल, ब्रिटन, फ्रान्सने हल्ला केला, लढाई जिंकत होते, पण अमेरिकेने पैशाच्या बाजूने पिरगाळलं, संयुक्त राष्ट्रांत एकटे पडले आणि परत गेले. त्या वर्षी ऑगस्टच्या लंडन परिषदेत आपले कृष्ण मेनन मधला मार्ग घेऊन गेले होते, मालकी इजिप्तची मान्य करा आणि वापरणाऱ्या देशांचं फक्त सल्ला देणारं मंडळ ठेवा. तेव्हा बहुतेकांनी घेतलं नाही.

तर माझं म्हणणं असं की हक्काचे कागद बघून झाले की शेवटचा आणि सगळ्यात वजनदार प्रश्न हा विचारायचा: उद्या सकाळी जहाजं कोण सोडू शकतं? जो सोडू शकतो त्याच्या हातून कालवा काढणं फार महागात पडतं. पनामाचा २५ वर्षांचा रेकॉर्ड इथे मजबूत आहे, २०१६ मध्ये त्यांनी मोठ्या जहाजांसाठी नवे लॉक बांधून सुरू केले (पहिलं जहाज गेलं ते चीनच्या कॉस्कोचं, तेव्हा कोणी आरडाओरडा केला नव्हता). पण त्यांची कमकुवत बाजूही इथेच आहे, आणि ती चीन नाही, पाणी आहे. पनामाचा कालवा सुएझसारखा समुद्राच्या पातळीवर नाही, जहाज लॉकने सुमारे २६ मीटर उचलून गातून तलावात घेतात आणि पलीकडे उतरवतात, आणि प्रत्येक जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. तेच पाणी पनामा सिटी पिते. २०२३ च्या दुष्काळात रोजची ३६ च्या आसपासची जहाजं २२-२४ वर आणावी लागली, रांग लागली, आणि त्या नोव्हेंबरमध्ये एका कंपनीने रांग चुकवायला लिलावात एका नंबरसाठी जवळपास ४० लाख डॉलर मोजले, टोल वेगळा. तेव्हापासूनच "महाग, लुटतायत" हा सूर चढला. म्हणून पनामाच्या बातमीबरोबर गातून तलावाची पातळी बघायची सवय लावा, प्राधिकरण ती आपल्या साइटवर टाकतं.

दोन गोष्टी भराभर. एक, होर्मुझ, बाब-अल-मांदेब या नैसर्गिक सामुद्रधुन्या आहेत, त्यांना समुद्र कायद्याचे नियम लागतात. खोदलेल्या कालव्याला तसा एकच जागतिक कायदा नाही, ज्याचा त्याचा करार. टीव्हीवर दोन्ही एकत्र कालवतात तिथे सावध. दुसरं, कोर्टात गेलेलं प्रकरण हवं असेल तर जर्मनीचा कील कालवा बघा, १९२१ मध्ये जर्मनीने पोलंडसाठी दारूगोळा नेणारं विंबल्डन जहाज अडवलं आणि १९२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावर बोट ठेवून जर्मनी चूक ठरवली.

आणि आपल्याला किती फरक पडतो हेही तपासा, उगाच पॅनिक नको. न्हावा-शेवाहून न्यूयॉर्कला जाणारा कंटेनर पनामातून जात नाही, तो सुएझमधून नाहीतर आफ्रिकेला वळसा घालून जातो. त्यामुळे पनामा बंद पडला तर आपल्याला थेट चटका कमी, जगभर जहाजं अडकून भाडी वाढतात तेवढा. सुएझचं तसं नाही, मुंबई बंदराचं नशीबच १८६९ नंतर पालटलं. २०२४ च्या सुरुवातीला येमेनच्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपवरून जायला लागली तेव्हा कालवा चालू होता, मालकीचा वाद नव्हता, तरी नाशिकच्या द्राक्षांचे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर युरोपला दोन आठवड्यांच्या आसपास उशिरा पोचत होते आणि भाडं कुठल्या कुठे गेलं. द्राक्षवाल्याला कागदावर कालवा कोणाचा आहे याने काय फरक पडणार होता. म्हणून निर्यातीतल्या कोणी विचारलं तर मालकीची बातमी नंतर, आधी शिपिंग लाइनचं रूटचं सर्क्युलर आणि वॉर रिस्क सरचार्ज (युद्धाच्या धोक्याचा जादा आकार) बघायला सांगा.

पनामाच्या बाबतीत पुढची दोन-चार वर्षं एक नाव शोधत राहा, रिओ इंदिओ. तलावाला जास्तीचं पाणी मिळावं म्हणून प्राधिकरणाला त्या नदीवर धरण बांधायचंय, खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलर, खोऱ्यातली २,००० च्या वर माणसं उठवावी लागणार आणि ती विरोधात उभी आहेत. ट्रम्प काय म्हणाले यापेक्षा ते धरण होतं की रखडतं, गावं कुठे बसवतात, पैसे वेळेवर देतात का, हे वाचा. मोठ्या पेपरांत ते पहिल्या पानावर येणार नाही, पनामाच्या स्पॅनिश पेपरांत येतं, ट्रान्सलेट करून वाचता येतं.